चोकडीतलं तळं

प्रिय नाना,

सासऱ्यांना लिहायचं तर 'तीर्थरूप' लिहायला हवं, मला ठाऊक आहे. पण ते लिहिलं की पुढचं काही लिहिता येणार नाही, म्हणून प्रियच लिहिते. रागावू नका.

उद्या सकाळी गवंडी येणार आहे, तुमचं तळं बुजवायला. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं असं वाटलं. आता दुसरं कोण सांगणार तुम्हाला, ते विचारू नका! दुपारची वेळ आहे. तन्वी झोळीत झोपली आहे. आई देवघरापाशी जपमाळ घेऊन बसल्यात, पण मणी पुढे सरकत नाहीत. तुमचे चिरंजीव, योगेश, कंपनीत गेलेत. घर इतकं शांत आहे की तळ्याकडे पाठ करून बसले तरी ते तिथे आहे हे जाणवतं.

तन्वी कोण, ते तुम्हाला माहीत नाही. तुमची नात. तुम्ही गेलात त्यानंतर झाली.

तुमच्याशी बोलायची मला सवयच नव्हती, नाना. लग्न होऊन डहाणूहून दमणगंगेकाठच्या या टोकरखाड्याच्या घरात आले, तेव्हा आईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आपल्याकडे सून सासऱ्यासमोर बोलत नाही. डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही. काही हवं असेल तर मला सांग." डहाणूला असलं काही नव्हतं. मला हसू आलं होतं, पण पाळलं. तुम्हाला चहा द्यायचा तर कप स्टुलावर ठेवायचा आणि बांगड्या वाजवायच्या. त्या तुम्हाला ऐकू यायच्या नाहीत ही आणखी एक गंमत! गलोंड्याच्या धाग्याच्या कारखान्यात यंत्रांजवळ उभं राहून राहून तुमचे कान गेले होते. चहा थंड व्हायचा, आणि तुम्ही तो तसाच प्यायचात. एकदाही तक्रार केली नाहीत. का हो केली नाहीत? आईंना सांगितलं असतं तर मी दुसरी काही युक्ती काढली असती.

अशी वर्षं गेली. एका छताखाली राहूनही तुमचा आवाज मला फक्त भिंतीपलीकडून माहीत होता.

मग ते झालं.

आठवा महिना होता. बाळाची हालचाल थांबली म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं आणि ते खाली ठेवून माझा हात धरला. त्यानंतरही कळा सोसायच्या असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा होता. रडला नाही. कपड्यात गुंडाळलेला मला दाखवला, आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो नव्हता. योगेश माझ्या खाटेशी बसून होते, माझं रक्त थांबत नव्हतं म्हणून त्यांना हलता येत नव्हतं. त्याला न्यायला तुम्ही आलात. एकटे.

घरी आले तर पाळण्याची दोरी सोडलेली. दुपटी, झबली, सगळं दिसेनासं झालेलं. आईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "झालं ते झालं. आता त्याची आठवण काढायची नाही. आठवण काढली की पुढचं येत नाही." त्यांचं मन वाईट नव्हतं, नाना. त्यांना त्यांच्या सासूने तेच सांगितलं असणार. पण त्या दिवसापासून या घरात तो जन्मलाच नव्हता असं सगळे वागायला लागले. योगेशसुद्धा. मी काही बोलायला गेले की ते उठून मोटारसायकलची किल्ली शोधायचे.

मी मागच्या खोलीत पडून राहू लागले. भिंतीकडे तोंड करून. जेवण आईंनी आणून ठेवलं तर चार घास, नाहीतर तेही नाही. आंघोळीला उठवावं लागायचं. दूध यायचं, ते कुणासाठी येतंय हे त्या शरीराला कोण समजावणार?

एका सकाळी छिन्नीचा आवाज आला. ठक् ठक्, थांबून थांबून. मग आईंचा आवाज, चिडल्यावर येते त्या गावाकडच्या बोलीत, "अहो, काय करी राहिनात? भांडा कोठे घासू मी आते? तुम्हना डोकावर?"

उठून दारापर्यंत आले. स्वयंपाकघर आणि माझी खोली यांच्यामधली ती चोकडी, भांडी घासायची खोलगट चौकोनी जागा, वर पारदर्शक पत्रा, तिच्या फरशा तुम्ही उखडत होतात. लुंगी खोचलेली, डोक्याला गमछा. आई मोरीत उभ्या राहून ओरडत होत्या आणि तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, की येत होतं? मला आजही संशय आहे.

"तळं करतोय," तुम्ही म्हणालात. अगदी सहज. जणू लोणचं घालतोय!

"घरात तळं? लोक हसतील!"

"हसू दे."

मला तुमचा किती राग आला होता, सांगू? पोर मातीत गेलं आणि म्हाताऱ्याला शोभेचं तळं सुचतंय. मी दार लोटून परत पडले. पण दार नीट बसत नव्हतं, फटीतून दिसायचं. तुम्ही विटा रचल्या. कठडा गुडघ्याएवढा उचललात. सिमेंटात कसलीशी पावडर कालवलीत, गळू नये म्हणून. प्लास्टर केलंत, आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारत बसायचात. तरुणपणी शिरपूरकडे गवंडीकाम केलं होतं तुम्ही, हे मला तेव्हा कळलं. हात सरावाने चालत होता, पण मध्येच थांबून छातीवर हात ठेवायचात. तेही मला दिसत होतं, नाना. तेव्हा मी कुणाचीच काळजी करण्याच्या अवस्थेत नव्हते.

मग एक दिवस तळं भरलं. वरच्या पत्र्यातून ऊन खाली येऊन पाण्यावर पडायचं आणि त्याची थरथर माझ्या खोलीच्या छतावर दिसायची. मी दिवसभर छत बघत राहिले. आणि तुम्ही पिशवीतून मासे आणलेत. नारिंगी, शेपटीला झिरमिळ्या असलेले. पिशवी पाण्यात सोडून माझ्या दाराकडे एकदा बघितलंत, आणि बाहेर निघून गेलात.

संध्याकाळी मी आपणहून उठले. किती दिवसांनी, कोण जाणे. कठड्यावर बसून मासे बघितले. आईंनी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि गपचूप भाकरी थापत राहिल्या.

सकाळी सगळे मासे मेलेले होते.

पोट वर करून तरंगत होते, कुणाचे कल्ले पांढरे पडलेले. पुढे कळलं की नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. पाणी कितीदा तरी बदलावं लागतं, मगच मासे सोडायचे असतात. तुम्हाला ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून धीर निघाला नाही. पण त्या क्षणी मला ते सिमेंट-बिमेंट काय माहीत! मला एवढंच दिसलं की या घरात पुन्हा काहीतरी मेलेलं आणून ठेवलंय. तुम्ही हातात चाळणी घेऊन उभे होतात, आणि मी ओरडले. डोक्यावर पदर नाही, काही नाही. "कशाला आणलेत हो मासे? कुणी सांगितलं होतं? इथे काही जगत नाही हे कळत नाही का तुम्हाला?"

लग्नानंतर तुमच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य.

आई धावत आल्या. "अगं, सासरे आहेत ते!" तुम्ही त्यांना हाताने थांबवलंत. चाळणी खाली ठेवलीत. "मनी चूक व्हयनी," अशी चूक कबूल केलीत. मग माझ्यासमोर जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "रडी ले, बेटा. रडी ले."

मी दवाखान्यातही रडले नव्हते, नाना. त्या दिवशी इतकी रडले की शेजारच्या हंसाबेन घाबरून दारात आल्या. तुम्ही तिथेच बसून राहिलात. मला हात लावला नाहीत, समजूत घातली नाहीत. फक्त उठून गेला नाहीत.

त्यानंतर आपण दोघांनी मिळून ते पाणी उपसलं. आठवतंय ना? मी बादलीने काढायची, तुम्ही मोरीत ओतायचात. भरायचं, मुरू द्यायचं, पुन्हा उपसायचं. भिंती ब्रशने घासायच्या. आई भांडी मोरीत घासत होत्या आणि रोज चारदा बोलून दाखवत होत्या, पण घासत होत्या. मी बोलले की तुम्ही कानाला हात लावून म्हणायचात, "जोरमा बोल." सून सासऱ्याशी बोलते ते बोलते, तेही ओरडून! हंसाबेनना भिंतीपलीकडे सगळं ऐकू जायचं.

मग तुम्ही गलोंड्याच्या कुणा जुन्या सोबत्याकडून गप्पी मासे आणलेत, बारीक, मळकट रंगाचे, शोभेला काही नाही. पण ते जगले. प्लास्टिकच्या घमेल्यात काळी माती घालून कमळाचा कंद लावलात. पानं आली, गोल, हाताएवढी. फूल काही आलं नाही. पत्र्याखालचं ऊन पुरत नाही त्याला, मी कितीदा सांगितलं. "येईल," तुम्ही म्हणायचात. नाही आलं, नाना.

एका दुपारी आपण पानांवरचा चिकट थर धूत होतो. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "केस खूप होते त्याले."

माझा हात पाण्यातच राहिला.

"काळेभोर. ओले होते तरी कपाळावर येत होते. आनि बोटं लांब. तुन्यासारखी."

मी विचारलं, "तुम्ही उघडून बघितलंत त्याला?"

"मग? न बघताच नेऊ? मना नातू होता तो."

मी त्याला पाहिलंच नव्हतं. डोळे मिटून घेतले होते ना मी. तो कसा दिसत होता हे जगात फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही ते मला थोडं थोडं करून दिलंत. एका दिवशी नाक. एका दिवशी पायाचा अंगठा, शेजारच्या बोटापेक्षा आखूड होता म्हणे, तुमच्यासारखाच. मी तुमचा पाय बघून घेतला. हसलात तुम्ही. आई आतून म्हणाल्या, "कसलं हसणं चाललंय?" आपण दोघंही पुन्हा पानं धुवायला लागलो.

कुठे ठेवलंत, हे विचारायला मला फार दिवस लागले. विचारलं तेव्हा तुम्ही हातातलं पान धूत राहिलात. ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा जोरात विचारणार होते. तेवढ्यात म्हणालात, "पानीजवळ शे तो. झाडनी सावलीमा. मी हातानं माती सारली. वरतून दगड ठेवना, कुत्री येतस म्हणून." मग म्हणालात, "बरी होशील तवा घेऊन जाईन तुले."

नेलं नाहीत.

हा माझा रुसवा आहे, नाना, आणि तो मी सोडणार नाही. दमणगंगेच्या काठाला झाडं काय थोडी आहेत? मी आता कुठल्या सावलीत जाऊन उभी राहू? योगेशना विचारलं. त्यांना माहीत नाही. तुम्ही त्यांना सांगितलंच नव्हतंत, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. हे बोलताना ते माझ्यासमोर पहिल्यांदा रडले. पण ते तुम्ही गेल्यानंतरचं.

मला पुन्हा दिवस गेले तेव्हा घरात आधी तुम्हालाच कळलं. मी मासळीच्या वासाने नाक दाबलं, आणि तुम्ही तळ्यातली बादली माझ्या हातातून काढून घेतलीत. "आते उचलू नको." एवढंच. आईंना मी आठवड्यानंतर सांगितलं, त्यांना वाटलं त्यांनाच पहिलं कळलं. तसंच वाटू दिलं आपण.

पण तुमचा खोकला! तो कुणापासून लपवत होतात तुम्ही? पहाटे मोरीत नळ सोडून खोकायचात. मी विचारलं की, "धाग्याची धूळ शे, जुनी." डॉक्टरकडे चला म्हटलं की कानाला हात. त्या वेळी मात्र तुम्हाला हटकून ऐकू यायचं नाही! मला घाबरवायचं नाही म्हणून गप्प राहिलात, हे मला योगेशनी नंतर सांगितलं. त्यांना म्हणाला होतात, "तिले काही सांगू नको. तिचं मन शांत पाहिजे." माझं मन शांत राहावं म्हणून तुम्ही माझ्याकडून तुमची सेवा करण्याचा हक्क काढून घेतलात. हे बरोबर केलंत का?

शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा फुप्फुसात काही उरलं नव्हतं. मला भेटायला जाऊ दिलं नाही. पोटुशीने दवाखान्यात येऊ नये. फोनवर तुम्ही विचारलंत, "मासे?" मी ओरडून सांगितलं, "आहेत! सगळे आहेत!" तुम्हाला ऐकू आलं की नाही, कळलं नाही. फोन योगेशनी घेतला.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला घरी आणलं, आणि त्याआधीच हंसाबेन माझ्या दंडाला धरून मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. "चाल बेन, मारा घरे चाल. तारे जोवानु नथी." तू बघायचं नाही, पोटातल्या बाळावर सावली पडते म्हणे. मी सगळ्यांशी भांडले. आई तेवढ्यातही, कपाळावरचं कुंकू अजून पुसलेलं नाही, अशा माझ्यासमोर येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. "मागच्या वेळी काय झालं, माहीत आहे ना? माझं ऐक." मी हंसाबेनचा हात धरून निघाले.

हंसाबेनच्या सोफ्यावर बसून मी सगळं ऐकलं. आपल्या दोन घरांमध्ये एकच भिंत. तुम्हाला आंघोळ घातली ते पाणी ऐकू आलं. आई ओरडल्या ते ऐकलं. मग गाडी निघाली. तुम्हाला गावी नेलं, शिरपूरकडे, तुमच्या भावकीत. सगळेच गेले. मी मागे राहिले. ज्यांच्यासमोर माझी बांगडी वाजायची, त्यांचा चेहरा मी शेवटचा बघितला तो दवाखान्यात जायला रिक्षात बसताना, पाठमोरा. तो चेहराही नव्हे, गमछा होता.

म्हणून हे पत्र, नाना. तुम्हाला निरोप दिलाच नाही मी.

तन्वी पावसाळ्यात झाली. रडली, इतक्या जोरात की डॉक्टरीणबाई हसल्या. केस खूप. या वेळी मी डोळे उघडे ठेवून सगळं बघून घेतलं, एकेक बोट.

आणि गेल्या आठवड्यात ती तळ्यात पडली.

रांगायला लागली आहे. त्यात पकडून उभं राहायचा नवा नाद. मी तव्यावरची पोळी उलटत होते. कठडा धरून उभी राहिली, कमळाचं पान ओढायला वाकली आणि डोक्याकडून आत गेली. मला आवाजसुद्धा आला नाही! आईंनी पाहिलं. त्या वाकून चालतात, गुडघे गेलेत, तरी कशा धावल्या देव जाणे. एका हाताने फ्रॉक धरून तिला बाहेर ओढलं. तन्वीच्या नाकातोंडातून पाणी आलं, मग ती रडली. आई तिला छातीशी धरून जमिनीवर बसल्या आणि काही केल्या सोडेनात. मी घ्यायला गेले तर मलाही देईनात.

संध्याकाळी मी योगेशना म्हटलं, "गवंडी बोलवा."

ते म्हणाले, "जाळी बसवू या. लोखंडी. वेल्डरला सांगतो."

"जाळी कोण उघडी ठेवील, कोण बंद? नको."

आणि आई, ज्यांनी या तळ्याला वर्षभर शिव्या घातल्या, त्या म्हणाल्या, "त्यांनी हाताने बांधलंय गं. बसव ना जाळी. मी लक्ष ठेवीन."

मी नाही म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही, नाना. हे माझंच ठरवणं. तुम्ही असतात तर तुम्हीच पहिली छिन्नी घातली असती, हे मी स्वतःला सांगते आहे. खरंच घातली असतीत ना? सांगायला कुणी नाही.

काल मी मासे काढले. चाळणीने, एकेक. हंसाबेनच्या गच्चीवर सिमेंटची टाकी आहे, त्यात सोडले. त्या म्हणाल्या, "ज्यारे मन थाय त्यारे आवजे." मनात येईल तेव्हा ये. कमळ उपटलं तर मुळं घमेल्याला घट्ट धरून बसली होती, तोडावी लागली. आता नुसतं पाणी आहे. आई मघापासून जपमाळ घेऊन तिकडेच बघताहेत. उद्या चोकडी परत चोकडी होईल. भांडी घासायला त्यांना मोरीत वाकावं लागणार नाही. त्या खूश नाहीत.

मला भीती कशाची वाटते, सांगू? तळं गेलं की तो बसायचा कठडा जाईल. त्या कठड्याशिवाय या घरात दुसरी कुठली जागा नाही, जिथे त्याच्याबद्दल बोललं जायचं. तुम्ही गेल्यापासून तिथेही कुणी बोललेलं नाही. मी एकटी जाऊन बसायची, एवढंच.

झोळी हलायला लागली, तन्वी उठेल आता. तेव्हा एक सांगते आणि थांबते.

तन्वीला कळायला लागलं की मी तिला सांगणार आहे, तुला एक मोठा भाऊ होता. आईंना चालो न चालो. खूप केस होते, बोटं लांब होती, पायाचा अंगठा आखूड होता. आणि त्याला दोन्ही हातांत घेऊन, उघडून नीट बघून, एकट्याने नदीपर्यंत नेणारे तिचे आजोबा होते. हे शब्द नाना, मी हळू आवाजात नाही सांगणार.

तुमची सून,
मनीषा